तव्यावरचं वाङ्मय

पाककृतींची पुस्तकं दोन प्रकारची माणसं वाचतात. एक, ज्यांना स्वयंपाक करायचा असतो. आणि दुसरी, ज्यांना तो करायचा नसतो. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि माझं असं ठाम मत आहे की या वाङ्मयाचा खरा रसिक या दुसऱ्या प्रकारातच सापडतो. पहिल्या प्रकारच्या माणसाला कृतीतलं तिखट-मीठ तेवढं हवं असतं. तेल तापत असताना लेखकाच्या शैलीकडे कोण बघणार? माझं तसं नाही. जेवण झाल्यावर आरामखुर्चीत पडून, चष्मा पुसून, मी लोणच्याच्या कृतीतलं ऐतिहासिक कादंबरीसारखं पाल्हाळ, चिरोट्यांतला करुण रस आणि केकमधलं रहस्य (फुगणार की बसणार?) यांचा निवांत आस्वाद घेतो. पोट भरलेलं असल्यामुळे मत निःपक्षपाती राहतं.

या व्यासंगात एका रसाची उणीव मला फार दिवस जाणवत होती. ती म्हणजे वीररस. आपल्या पाकवाङ्मयात वीररस नाही. साबुदाण्याची खिचडी कितीही जोशात लिहिली तरी पोवाडा होत नाही. ही उणीव भरून काढली माझ्या भाच्यानं. तो अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. येताना इंग्रजी पाकशास्त्राची जाडजूड पुस्तकं आणतो आणि जाताना वजनाच्या भीतीनं माझ्याकडे टाकून जातो. त्या पुस्तकांत एक प्रकरण हमखास असतं, आणि ते उघडलं की रणवाद्यं वाजू लागतात. ते प्रकरण म्हणजे घरच्या घरी, बिडाच्या तव्यावर स्टेक कसा भाजावा, हे.

स्टेक म्हणजे गोमांसाचा इंच-दीड इंच जाडीचा तुकडा. साहित्य : मांस, मीठ, मिरपूड, चमचाभर तेल, फार तर शेवटी लोण्याचा गोळा. कृती : तवा तापवा, एक बाजू भाजा, दुसरी बाजू भाजा, खा. झालं. एवढ्याशा साहित्यात आमच्याकडे धड कोशिंबीरसुद्धा होत नाही. पण या तीन वाक्यांच्या मजकुराला ही मंडळी दहा-दहा, पंधरा-पंधरा पानं घेतात. आणि त्या पानांतला सूर असा, की लेखक तव्यापुढे उभा नसून खिंडीत उभा आहे. 'घाबरू नका.' 'तवा अजून तापू द्या.' 'धूर निघेल. निघू द्या.' 'आता मागे फिरणे नाही.'

मी स्वतः स्टेक खात नाही. तेव्हा 'याला अधिकार काय?' असं कुणी विचारील. अहो, नाटकावर लिहिणाऱ्याला कधी तोंडाला रंग लावावा लागतो का? आणि कवितेवर लिहिणाऱ्यांपैकी किती जण कविता वाचतात, हे न विचारलेलंच बरं. मी इथं स्टेकची परीक्षा करत नाही. स्टेकवरच्या गद्याची करतो.

सुरुवात नायकापासून. या वाङ्मयाचा नायक मांसाचा तुकडा नव्हे. तो येतो आणि खाल्ला जातो. नायक आहे तवा. इंग्रजीत त्याला कास्ट आयर्न स्किलेट म्हणतात. नाव ऐकून दबून जाण्याचं कारण नाही. कास्ट आयर्न म्हणजे आपलं बीड. (जिल्हा नव्हे, धातू.) घावन-आंबोळ्यांचा बिडाचा तवा आपल्या घरोघर होता आणि पुष्कळ घरांत अजून आहे. त्यालाच बोटभर उंचीचा काठ आणि एक दांडा फुटला की तो अमेरिकन होतो. तिकडे टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात लॉज नावाचा कारखाना १८९६ पासून हे तवे ओततो आहे. त्याहून जुने, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ग्रिसवोल्ड कारखान्याचे तवे तर लोक जुन्या नाण्यांसारखे जमवतात. कारण तो कारखाना १९५७ साली बंद पडला. बंद पडलेल्या गोष्टीबद्दल माणसाला जो उमाळा येतो तो चालू गोष्टीबद्दल कधीच येत नाही, हे आपल्याला नाटक कंपन्यांवरून ठाऊक आहेच.

तर हा तवा 'पणजीचा' असतो. या वाङ्मयात नवा तवा विकत घेणाऱ्याकडे दत्तक मुलाकडे बघावं तसं बघतात. त्याला तेलाचा पातळ हात द्यायचा, तापवायचा, निववायचा, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. त्या तेलाचं कातडं होऊन बिडावर बसतं आणि मग पदार्थ चिकटत नाही. इथवर सारं खरं आहे. आपल्याकडे अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, तेव्हा हेच चाललेलं असतं. फक्त त्यावर कुणी प्रकरण लिहीत नाही. पण लॉज कंपनीनंच २००२ पासून कारखान्यात तेल भाजून घेतलेले, तयार तवे विकायला काढले. म्हणजे पणजी आता डब्यातूनच मिळते.

यानंतर पहिली मोठी आज्ञा येते : तव्याला साबण लावू नका. का? तर तेलाचं कातडं जाईल. ही आज्ञा ज्या काळी जन्मली त्या काळी घरचा साबण कास्टिकचा होता, आणि कास्टिक ते कातडं खरोखरच खातो. आजच्या भांडी घासायच्या साबणात तो जोर नाही. थोडासा साबण चालतो, असं खुद्द तवे ओतणारा कारखानाच सांगतो. पण आज्ञा चालूच. कारण नाहीसं झालं आणि नियम राहिला, की त्याला परंपरा म्हणतात. याबाबतीत पूर्व-पश्चिम असा भेद नाही.

दुसरा दावा : बीड सगळीकडे सारखं तापतं. हे वाक्य मी चार पुस्तकांत वाचलं आहे आणि चारही लेखकांनी आयुष्यात कधी घावन केलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. बिडाच्या तव्यावर पहिलं घावन मधोमध करपतं आणि कडेला पांढरं राहतं, हे आमच्या ताईला वयाच्या दहाव्या वर्षी ठाऊक होतं. बिडातून उष्णता इकडून तिकडे जायला वेळ लागतो. ॲल्युमिनियम ज्या वेगानं ती नेतं त्याच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यानं बीड नेतं. सरकारी कागद आणि बिडातली उष्णता, दोन्ही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपल्या सवडीनं जातात. आणखी गंमत म्हणजे, वजनाला वजन लावलं तर बीड ॲल्युमिनियमच्या निम्मीच उष्णता साठवतं. मग बिडाचा मोठेपणा कशात? तर वजनात. बारा इंची तवा साडेतीन किलोच्या आसपास भरतो. एवढं जड धूड एकदा सावकाश, पाच-दहा मिनिटं तापवलं, की त्यावर थंडगार मांस आदळलं तरी ते डगमगत नाही. पत्र्याचा तवा अशा वेळी गार पडतो, मांसाला पाणी सुटतं आणि भाजायचं ते शिजत बसतं. म्हणजे गुण आहे. पण तो पुस्तकात सांगितलेला नव्हे. निवडणुकीत उभ्या राहिलेल्या माणसासारखं बिडाचं झालं आहे : त्याच्या अंगी जे आहे ते कुणी सांगत नाही, आणि जे नाही त्याची पत्रकं निघतात.

आता या महाकाव्यातला मुख्य प्रसंग. तवा तापला आहे. धूर निघतो आहे. वीर मांसाचा तुकडा उचलतो आणि तव्यावर ठेवतो. चर्रर्र! इथं लेखणीला स्फुरण चढतं. हा आवाज म्हणजे, लेखक सांगतो, मांसाच्या अंगावर कवच चढल्याचा आवाज. आता आतला रस आत कोंडला गेला. एक थेंब बाहेर येणार नाही.

हे कवच मुळात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं चढवलं. युस्टस फॉन लीबिग. माणूस मोठा, पिकांना कोणतं खत लागतं याचं शास्त्र रचणाऱ्यांतला. १८४७ साली त्यानं मांसावर ग्रंथ लिहिला आणि प्रतिपादन केलं की, मांसाला सुरुवातीलाच कडक आच लावली म्हणजे वरचा थर घट्ट होतो आणि रस आत अडकतो. लीबिगनं सांगितलं म्हटल्यावर स्वयंपाकघरं बदलली. फ्रेंच पाकशास्त्राचा बादशहा एस्कोफिए, त्यानंसुद्धा १९०३ च्या आपल्या ग्रंथात हे कवच अंगावर घेतलं. बादशहानं घेतल्यावर मग सरदार-दरकदारांना काय विचारता!

आता माझ्यासारख्या रिकामटेकड्या वाचकाला एक साधी शंका येते. चर्रर्र हा आवाज कशाचा? कोरड्या दगडावर कोरडी वीट ठेवली तर चर्र वाजत नाही. तापल्या लोखंडावर पाणी पडलं की चर्र वाजतं. मग ते पाणी आलं कुठून? मांसातून. म्हणजे रस बाहेर येत असल्याची जी दवंडी, तीच ही मंडळी रस कोंडल्याचा पुरावा म्हणून ऐकतात! आणि आवाज थांबत नाही; मांस तव्यावर आहे तोवर तो चालूच असतो. चोर समोरच्या दारानं सामान नेतो आहे, ट्रकचा हॉर्न वाजतो आहे, आणि घरमालक खूश : 'वा! कुलूप काय मजबूत बसलंय!'

एवढं होऊनही १८४७ नंतर शंभरावर वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही असं नव्हे. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत काहींनी आधी कडक आच दिलेलं मांस आणि तशी न दिलेलं मांस तोलून पाहिलं. कवचवाल्याचा रस काही जास्त राहिला नव्हता. पण तराजू कोण वाचतो? अखेर १९८४ साली हॅरल्ड मक्गी नावाच्या गृहस्थानं पदार्थविज्ञान आणि स्वयंपाक यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि हे कवच उतरवून ठेवलं. हा मक्गी कोण? स्वयंपाकी? नव्हे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक? तेही नव्हे. त्यानं येल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली होती ती कीट्सच्या कवितेवर. म्हणजे साहित्याचा माणूस! ही माहिती मिळाल्यापासून समीक्षकाला अधिकार काय, असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

लीबिगच्या चरित्रातला पुढचा भाग मात्र पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. मांसाचा रस आत कोंडून ठेवा असं जगाला सांगणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या नावानं १८६५ मध्ये एक कंपनी निघाली. उरुग्वेमधल्या फ्राय बेंटोस इथं तिचा कारखाना. तिथं काय चाले? तर गुरांचं मांस उकळून, त्याचा रस बाहेर काढून, आटवून, बरण्यांत भरून युरोपात विकत. साधारण तीस किलो मांसाचा एक किलो अर्क! सिद्धान्त आणि धंदा यांत एवढी निर्मळ फारकत मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

तरीही चर्रर्र टिकला, आणि तो का टिकला हे शास्त्रज्ञापेक्षा विक्रेत्याला जास्त कळलं. एल्मर व्हीलर नावाचा अमेरिकन विक्रीगुरू १९३० च्या दशकात दुकानदारांना बजावत असे की, गिऱ्हाइकाला स्टेक विकायला जाऊ नका, त्याचा आवाज विका. या उपदेशाची फळं आपण पुण्या-मुंबईत चाखली आहेत. सिझलर! बिडाचीच ताटली, खाली लाकडी पाट, आणि धुराच्या लोटातून आगगाडीच्या इंजिनासारखा येणारा वेटर. सारं हॉटेल माना वळवतं. ज्या टेबलाकडे इंजिन जातं तिथली मंडळी लग्नातल्या नवरा-नवरीसारखी कानकोंडी होऊन बसतात. ताटलीत काय होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी विचाराल तर सांगता येत नाही. आवाज मात्र कानांत असतो.

पण मग मांस कडक भाजायचंच कशासाठी? मी सांगू शकतो, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्या भाषेत एका शब्दात आहे : खरपूस. कवच चढतं म्हणून नव्हे, मांस खरपूस होतं म्हणून भाजायचं. मांसातल्या प्रथिनांचे घटक आणि साखरेचा अंश यांची मोठ्या आचेवर गाठ पडली की तो तपकिरी रंग आणि तो वास निर्माण होतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये ही क्रिया प्रथम नोंदली. त्याच्या डोक्यात स्वयंपाक नव्हताच. ती कोणत्या टप्प्यांनी घडते हे इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत जॉन हॉज यानं १९५३ साली मांडून दाखवलं. पाव, कॉफी, भाजलेला रवा, थालीपिठाचा तळ, सगळीकडे तीच किमया. ती जोमानं चालते एकशेचाळीस अंश सेल्सियसच्या वर. आणि पाणी तर शंभराला उकळतं. जोवर मांसाच्या अंगावर ओल आहे तोवर आच त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि रंग चढत नाही. म्हणून मांस आधी कोरडं टिपून घ्यायचं. खरपूस आणि करपलेलं, या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद पट्टीत हे सारं शास्त्र उभं आहे.

इथं मी एका लेखिकेला मनापासून दाद देतो. ज्युलिया चाइल्ड. तिनं आणि तिच्या दोन फ्रेंच सहकारी बायांनी १९६१ साली अमेरिकनांना फ्रेंच स्वयंपाक शिकवणारा ग्रंथ लिहिला. त्यात वाइनमध्ये शिजवायच्या मांसाच्या कृतीत ती सांगते की, तुकडे कागदानं टिपून कोरडे करा, ओले राहिले तर रंग धरणार नाहीत. बस. काय करायचं आणि का करायचं, दोन्ही एका दमात. ढोल नाही, ताशा नाही. माझ्या मते पाकवाङ्मयातलं आदर्श वाक्य ते हेच. वाचणाऱ्याला नियम मिळतो आणि नियम कधी मोडायचा याची किल्लीही मिळते.

उलट 'स्टेक एकदाच उलटा' या आज्ञेकडे बघा. कारण दिलेलं नाही. वीर एकदाच वार करतो, एवढाच भाव. मक्गीनं सांगितलं, आणि पुढे जे. केंजी लोपेझ-आल्ट या लेखकानं २०१५ च्या आपल्या ग्रंथात सप्रयोग लिहिलं, की अर्ध्या अर्ध्या मिनिटानं उलटत राहिलात तर मांस लवकर होतं आणि आतून जास्त सारखं होतं. कारण वरची बाजू फार निवत नाही आणि खालची फार तापत नाही. म्हणजे पोळी उलटणारी बाई ज्या सहजतेनं उलटते, तसं. पण त्यात शौर्य कुठे आलं? तेव्हा आज्ञा कायम.

आणि ती अंगठ्याची परीक्षा! मांस झालं की नाही हे ओळखायला आपल्याच तळहातावर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दाबून बघायचा. अंगठा तर्जनीला टेकवला की कच्चा, मधल्या बोटाला टेकवला की मध्यम, करंगळीला टेकवला की पुरता भाजलेला. माझा प्रश्न एवढाच, की हात कुणाचा? कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाचा आणि ट्रेझरीतल्या कारकुनाचा अंगठा एका भावात धरायचा का? शेवटी खरं सांगतो तो थर्मामीटर : मध्ये टोचा, चौपन्न अंशांच्या आसपास असेल तर त्यांच्या भाषेत मीडियम रेअर, एकाहत्तरच्या पुढे गेलं तर चामड्याकडे वाटचाल. तिथलं सरकारी शेतीखातं सांगतं की त्रेसष्ट अंश आणि वर तीन मिनिटं विसावा, म्हणजे जंतूंची काळजी नको. वीर अर्थात थर्मामीटर वापरत नाहीत. तापसुद्धा ते हातानंच बघत असावेत.

तांबड्या रसाचंही तेच. या वाङ्मयात त्याला रक्त म्हणतात. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं तर १९५७ च्या पुस्तकात स्टेकवर एक निबंधच लिहिला, आणि फ्रेंच मनात स्टेकचं सारं तेज या रक्ताच्या कल्पनेत कसं आहे ते दाखवलं. त्यानं कल्पनेचं विच्छेदन केलं. पाककृतीवाले कल्पनेलाच रस्सा समजून बसले. ताटलीतला तो रस म्हणजे पाणी आणि स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा तांबडा पदार्थ. रक्त खाटकाकडेच राहिलेलं असतं. पण 'मायोग्लोबिनयुक्त पाणी पिणारा वीर' म्हटलं की पोवाडा बसतो.

या सगळ्यावर हसता हसता मी एक दिवस थबकलो, आणि त्याला कारण भाचाच. मी त्याच्याकडे राहायला गेलो असताना त्यानं पुस्तकात बघून बिडाच्या तव्यावर स्टेक केला. तवा पेटल्यासारखा तापला, धूर झाला, छतावरचा अलार्म किंचाळू लागला, वरच्या मजल्यावरचे कुत्र्यासकट खाली आले. भाचा टॉवेलनं अलार्मला वारा घालत होता आणि दुसऱ्या हातातलं पुस्तक वाचून मला सांगत होता, "मामा, लिहिलंय. धूर निघू द्या म्हणून." पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात खिडकी असावी. पण ते असो. स्टेक म्हणे छान झाला.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याच तव्यावर घावनं करायची हुक्की आली. आता पुस्तक नव्हतं. मग आईला फोन.

"आई, तवा किती तापवू गं?"

"चांगला तापव."

"चांगला म्हणजे किती?"

"अरे, तापला की कळतं."

"पण कळतं कसं?"

"कळतं म्हणजे कळतं! तुझ्या आजीनं मला कुठं सांगितलं होतं?"

त्या क्षणी मला माझ्या कपाटातल्या जाड पुस्तकांबद्दल प्रथमच थोडी कणव वाटली. मांसाच्या एका तुकड्यावर पंधरा पानं लिहिणारे ते पुरुष (बहुतेक पुरुषच) महिन्यातून एकदा तव्यापुढे उभे राहतात आणि त्याचा ग्रंथ करतात. चुकीची का होईना, कारणं देतात. चुकीचं कारण निदान खोडता तरी येतं. लीबिगनं लिहून ठेवलं म्हणून मक्गीला पुसता आलं. आणि आमच्याकडे? पोळी रोज होते. मंद आच, मोठी आच, कधी उलटायची, कधी फुगवायची, हातानं दाबायची की फडक्यानं, या सगळ्याचं ज्ञान स्टेकहून तसूभर कमी नाही. ते कुठं लिहिलंय? आमच्या आईच्या वहीत बघितलं : 'नेहमीप्रमाणे पोळ्या कराव्यात.' पुरणपोळीखाली : 'पुरण बेताचे घालून, बेताने लाटावी.' 'कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं माप धरलं म्हणून सुनांचा दुवा घेतला. त्याआधी 'बेतानं' हेच आमचं वजन आणि 'अंदाजे' हेच माप.' 'नेहमीप्रमाणे' हा शब्द लिहिणाऱ्या बाईला गृहीतच होतं, की वाचणारी मुलगी शेजारी उभी असणार. मुलगा न्यू जर्सीत उभा असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेव्हा माझा निवाडा असा. स्टेकचं वाङ्मय फार बोलतं, आणि आपलं मुळीच बोलत नाही. तिथं कारणांच्या जागी गर्जना आहे, इथं कारणांच्या जागी मौन. दोन्हीकडे वाचक तापलेल्या तव्यापुढे एकटाच. चांगल्या कृतीनं तीन गोष्टी सांगाव्यात : काय करावं, का करावं, आणि झालं हे कशावरून ओळखावं. बाकी शौर्य आणि परंपरा ज्यानं त्यानं चवीपुरती घालावी.

आणि हे ज्ञान मागितलं तर मिळतंही, हे त्या फोननं सिद्ध केलं. भाच्यानं चिकाटी सोडली नाही. पाचव्यांदा विचारल्यावर ताई जरा थांबली. मग म्हणाली, "हे बघ, हात ओला करून तव्यावर शिंपड. थेंब जागच्या जागी चुरचुरून मेले, तर थांब. मोत्यांसारखे पळाले, तर तवा तापला. मग आच कमी कर आणि घाल."

जागच्या जागी मरणारे थेंब आणि पळणारे थेंब, यांतला फरक योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरनं १७५६ मध्ये लॅटिन ग्रंथात लिहून ठेवला. तापलेल्या लोखंडाच्या चमच्यावर पाण्याचा थेंब टाकून त्यानं तो पाहिला : लोखंड पुरेसं तापलं की थेंबाखाली वाफेची गादी होते आणि थेंब तिच्यावर घसरत फिरतो. त्या गोष्टीला जगभर आजही त्याचं नाव आहे. आमच्या ताईला लॅटिन येत नाही, आणि लायडेनफ्रॉस्टला घावन येत नसावं. पण दोघांनी कारण नाहीतर खूण, काहीतरी हातात ठेवलं. भाच्यानं ती खूण स्टेकच्या पुस्तकात, 'धूर निघू द्या' या ओळीच्या शेजारी समासात मराठीतून लिहून ठेवली आहे. त्या पंधरा पानांत उपयोगाचं वाक्य कोणतं, असं कुणी मला विचारलं तर मी तो समास दाखवीन.